जुनं ग्राफिक्स कार्ड की नवं? आकडे वाचायचे कसे आणि पैसे घालायचे कुठे

सोयाबीनचे पैसे हातात आले की मला इंझोरीहून एक ठरलेला प्रश्न येतो. गावात कुणीतरी कॉम्प्युटर असेंबल करत असतं, कुणाला जुन्या मशीनमध्ये फक्त ग्राफिक्स कार्ड बदलायचं असतं. मग मोबाईलवर दोन कार्डांचे फोटो येतात आणि खाली लिहिलेलं असतं, "यातलं कोणतं भारी?" मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे घरच्यांच्या हिशोबाने मला प्रिंटरपासून ग्राफिक्स कार्डापर्यंत सगळं कळतं. पण या प्रश्नाचं एका ओळीत उत्तर देता येत नाही, म्हणून हा लेख. मानोरा तालुक्यातल्या गावात मशीन चालवायचं म्हटलं की काही अडचणी अशा येतात ज्या परदेशी रिव्ह्यूमध्ये कधीच दिसत नाहीत. त्याही इथे घेतल्या आहेत.

नावातला नंबर

आधी नाव वाचायला शिकू. एनव्हिडियाच्या कार्डात पहिले दोन आकडे पिढी सांगतात आणि शेवटचे दोन आकडे त्या पिढीतलं स्थान. म्हणजे १०६० हे दहाव्या मालिकेतलं मधलं कार्ड, ३०६० तिसाव्या मालिकेतलं मधलं. त्यामुळे १०८० हे १६५० पेक्षा जुनं असलं तरी बरंच ताकदवान आहे. "नंबर मोठा तो भारी" हा हिशोब इथेच फसतो.

दुसरी गंमत म्हणजे एकाच नावाखाली दोन वेगळी कार्डं विकली जातात. जीटीएक्स १०६० सहा जीबीचं होतं आणि तीन जीबीचंही होतं. वाटतं की फरक फक्त मेमरीचा असेल, पण तीन जीबीवाल्यात कोअरही १२८० ऐवजी ११५२ आहेत. सगळ्यात वाईट उदाहरण जीटी १०३० चं. २०१७ मध्ये ते जीडीडीआर५ मेमरीसह आलं, बँडविड्थ ४८ जीबी प्रति सेकंद. पुढच्या वर्षी त्याच नावाने डीडीआर४ वालं आलं, त्याची बँडविड्थ १६.८. नाव तेच आणि मेमरीचा वेग एक तृतीयांशाच्या आसपास. दुकानदाराला विचारलं तर तोही "सेमच आहे" म्हणेल, कारण खोक्यावर फरक बारीक अक्षरात असतो. आरटीएक्स ३०५० चंही तेच, आठ जीबी आणि सहा जीबी ही दोन वेगळी कार्डं आहेत.

कोअर मोजून वेग कळत नाही

ज्या कार्डांबद्दल मला सगळ्यात जास्त विचारणा होते, त्यांचे मूळ आकडे असे आहेत:

| कार्ड | वर्ष | कोअर | मेमरी (जीबी) | बँडविड्थ (जीबी प्रति सेकंद) | वीज (वॅट) |
|---|---|---|---|---|---|
| जीटीएक्स ७५० टीआय | २०१४ | ६४० | २ | ८६ | ६० |
| जीटीएक्स १०५० टीआय | २०१६ | ७६८ | ४ | ११२ | ७५ |
| जीटीएक्स १०६० | २०१६ | १२८० | ६ | १९२ | १२० |
| जीटीएक्स १०८० टीआय | २०१७ | ३५८४ | ११ | ४८४ | २५० |
| जीटीएक्स १६५० | २०१९ | ८९६ | ४ | १२८ | ७५ |
| आरटीएक्स ३०६० | २०२१ | ३५८४ | १२ | ३६० | १७० |
| आरटीएक्स ४०६० | २०२३ | ३०७२ | ८ | २७२ | ११५ |
| आरटीएक्स ३०५० (सहा जीबी) | २०२४ | २३०४ | ६ | १६८ | ७० |
| आरटीएक्स ५०६० | २०२५ | ३८४० | ८ | ४४८ | १४५ |

आता १०८० टीआय आणि ३०६० यांच्याकडे बघा. कोअर अगदी सारखे, ३५८४. कागदावरची गणितशक्ती, म्हणजे टेराफ्लॉप्स, ३०६० ची थोडी जास्त आहे: १२.७ विरुद्ध ११.३. पण साध्या गेममध्ये, रे ट्रेसिंग बंद ठेवून, दोन्ही जवळपास बरोबरीत धावतात आणि कित्येकदा २०१७ चं कार्ड थोडं पुढे असतं. असं का? तर २०२० नंतरच्या अँपिअर पिढीत एनव्हिडियाने कोअर मोजायची पद्धतच बदलली. आधीच्या ट्युरिंग पिढीत पूर्णांकांच्या गणितासाठी वेगळी वाट होती. अँपिअरमध्ये त्याच वाटेवर दशांशाचं गणितही करता येऊ लागलं, म्हणून कोअरचा आकडा दुप्पट झाला. पण गेममध्ये दोन्ही प्रकारची गणितं येतात, त्यामुळे ती वाट अनेकदा पूर्णांकातच अडकलेली असते. आरटीएक्स २०८० टीआय मध्ये ४३५२ कोअर आणि ३०७० मध्ये ५८८८, तरी दोघांचा वेग साधारण सारखाच. म्हणून टेराफ्लॉप्सची तुलना एकाच पिढीच्या आत करा. वेगवेगळ्या पिढ्यांसाठी तो आकडा जाहिरातीपुरता समजा.

१०६० आणि ३०६० मध्येही हेच होतं. टेराफ्लॉप्स ४.४ वरून १२.७ वर गेले, म्हणजे जवळजवळ तिप्पट. प्रत्यक्ष गेममध्ये वेग साधारण दुप्पट मिळतो. साडेचार वर्षांत दुप्पट हे वाईट नाही, पण तिप्पट नाही.

बँडविड्थच्या रकान्यात ४०६० हे ३०६० च्या मागे दिसतं, तरी गेममध्ये ते साधारण पंधरा-वीस टक्के पुढे असतं. कारण चिपच्या आत असलेली एल२ कॅशे. ३०६० मध्ये ती ३ एमबी, ४०६० मध्ये २४ एमबी. पाणी भरायला विहिरीवर जायच्या फेऱ्या कमी झाल्या, कारण घरातला हौदच मोठा झाला. म्हणजे बँडविड्थचा आकडासुद्धा एकटा घेऊन चालत नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकते. १०६० ची चिप २०० चौरस मिलिमीटरची, ३०६० ची २७६ ची आणि ४०६० ची १५९ ची. नाव 'साठ'चंच ठेवून आतली चिप खालच्या वर्गातली घातली गेली. कार्ड वाईट नाही, वीज खूप कमी खातं, पण नावावरून 'मागच्याच दर्जाचं, फक्त नवं' असं समजू नये.

मेमरी किती, हा वेगळा प्रश्न

मेमरी पुरते तोवर तिचा वेगावर काहीच परिणाम दिसत नाही. संपली की एकदम दिसतो. गेमची चित्रं कार्डाच्या मेमरीत मावली नाहीत की ती मशीनच्या रॅममधून आणावी लागतात आणि ती वाट कितीतरी सावकाश आहे. मग सरासरी एफपीएस ठीक दिसतो, पण खेळताना झटके बसतात. २०२३ मध्ये आलेल्या काही मोठ्या गेमनी आठ जीबीच्या कार्डांनाही उच्च सेटिंगवर घाम फोडला.

घरी एआय मॉडेल चालवून बघणाऱ्यांसाठी तर मेमरी सगळ्यात आधी. मॉडेल मेमरीत मावलं तर चालतं, नाहीतर रखडतं. म्हणून ३०६० चं बारा जीबीवालं मॉडेल विद्यार्थ्यांमध्ये अजून मागणीत आहे, जरी गेममध्ये ४०६० त्याच्या पुढे असलं तरी. (पुण्याच्या सी-डॅकचा परम सिद्धी-एआय हा महासंगणक नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत ६३ वा आला होता. त्यात एनव्हिडियाचे ए१०० आहेत आणि ते याच अँपिअर घराण्यातले. ३०६० त्याचं अगदी दूरचं, गरीब भावंड समजा.)

वीज, यूपीएस आणि मे महिना

रिव्ह्यू करणारी मंडळी बावीस अंशाच्या खोलीत, भक्कम पॉवर सप्लायवर कार्ड तपासतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या वर जातो, दुपारी व्होल्टेज खाली येतं आणि लाईट कधी जाईल सांगता येत नाही.

यूपीएसचा हिशोब आधी करा. दुकानात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅट देतो. चौथ्या पिढीचा कोअर आय५ प्रोसेसर ८४ वॅटचा, बोर्ड-डिस्क-पंखे मिळून ४० धरू. त्यात १०८० टीआय चे २५० मिळवले की ३७४ झाले. एसएमपीएस ऐंशी टक्के कार्यक्षम धरला तर भिंतीतून ओढले जातात साधारण ४६७ वॅट, वर मॉनिटरचे २५. लाईट गेली की हा यूपीएस बॅटरीवर टिकणार नाही, मशीन तिथेच बंद. त्याच मशीनमध्ये ४०६० घातलं तर हिशोब २९९ अधिक २५, म्हणजे ३२४ वर येतो. काठावर आहे, पण सेव्ह करून शटडाऊन करण्याइतका वेळ मिळतो.

बिलाचंही बघू. २५० आणि ११५ यातला फरक १३५ वॅट. रोज पाच तास, वर्षात तीनशे दिवस चाललं तर सुमारे २०२ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर वर्षाला दोन हजारांच्या वर. 'स्वस्त पडलं' म्हणून घेतलेलं जुनं मोठं कार्ड दोन-तीन वर्षांत ती बचत खाऊन टाकतं. नव्या कार्डांची खरी प्रगती इथेच दिसते. १०६० आणि ४०६० ची वीज जवळपास सारखी, १२० आणि ११५ वॅट, पण काम दुपटीहून जास्त.

कार्डाला वीज येते कुठून, हेही तपासा. मदरबोर्डच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. सहा पिनांची जोडणी आणखी ७५ देते, आठ पिनांची १५०. आपल्याकडच्या असेंबल मशीनमध्ये कॅबिनेटबरोबर फुकट आल्यासारखा जो एसएमपीएस असतो, त्यावर ४५० वॅट लिहिलेलं असलं तरी त्यावर विश्वास ठेवू नका. त्यात बऱ्याचदा या जोडण्याच नसतात. अशा मशीनसाठी ७५ वॅटच्या आतलीच कार्डं बघा: जुन्यात १०५० टीआय, १६५०, नव्यात सहा जीबीचं ३०५०. पण मॉडेल तपासूनच, कारण काही कंपन्या १६५० लाही सहा पिनांची जोडणी देतात.

उष्णतेचं गणित सरळ आहे. कार्ड खोलीच्या तापमानापेक्षा अमुक अंशांनी तापतं. पंचवीस अंशाच्या खोलीत सत्तरवर राहणारं कार्ड बेचाळीस अंशाच्या खोलीत नव्वदीकडे जाऊ लागतं. दहाव्या मालिकेची कार्डं साधारण ८३ अंशांवर पोचली की स्वतःच वेग कमी करतात. म्हणजे जानेवारीत घेतलेलं कार्ड मे महिन्यात तेच राहत नाही. यावर बिनखर्चाचा उपाय म्हणजे आफ्टरबर्नर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ऐंशी टक्क्यांवर आणणं. वेग थोडासाच कमी होतो, उष्णता आणि पंख्याचा आवाज बराच. आणि कूलर थेट कॅबिनेटवर सोडू नका, ती हवा ओली असते.

मदरबोर्ड जुना असेल तर

गावाकडच्या मशीनमध्ये मला सगळ्यात जास्त दिसतात ते एच६१ आणि एच८१ बोर्ड. एच८१ चा ग्राफिक्स स्लॉट पीसीआय एक्सप्रेस २.० चा आहे. एच६१ वर दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर असेल तर तिथेही २.०. इथे नव्या कार्डांची एक अडचण येते. १०६० सोळा लेन वापरतं. ४०६० आणि ३०५० फक्त आठ. नव्या बोर्डावर आठ लेन पुरतात, पण २.० वर सोळा लेन म्हणजे साधारण आठ जीबी प्रति सेकंद आणि आठ लेन म्हणजे चारच. मेमरी पुरेशी असेल तोवर फरक कमी, भरली की जाणवतो.

याचं टोकाचं उदाहरण म्हणजे २०२२ चं एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी. चारच लेन, चारच जीबी मेमरी. नव्या ४.० बोर्डावर ठीक, ३.० बोर्डावर मात्र अनेक गेममध्ये २०१६-१७ च्या कार्डांच्या बरोबरीला किंवा त्यांच्याही मागे. वर त्यात व्हिडिओ एन्कोडरच नाही. जुन्या मशीनसाठी स्वस्त नवं कार्ड म्हणून ते खपवलं गेलं आणि नेमकं जुन्या मशीनवरच ते सगळ्यात वाईट चालतं.

इंटेलची आर्क कार्डं किमतीच्या मानाने छान आहेत, विशेषतः डिसेंबर २०२४ चं बी५८०, बारा जीबीवालं. पण त्यांना बोर्डावर रिसायझेबल बार ही सोय लागते. ती नसेल तर वेग खूप पडतो. एच६१-एच८१ वाल्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

अजून एक बारीक गोष्ट. घरी जुना व्हीजीए मॉनिटर असेल तर दहाव्या मालिकेपासून पुढच्या एनव्हिडिया कार्डांत अॅनालॉग आउटपुट नाही. डीव्हीआयला लावायचा तो छोटा साधा कन्व्हर्टर चालत नाही, एचडीएमआय ते व्हीजीए असा अॅक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो. शंभर-दोनशे रुपयांच्या त्या तुकड्यासाठी 'कार्ड डेड आहे' म्हणून परत पाठवलेली कार्डं मी पाहिली आहेत.

लग्नाचं मिक्सिंग: इथे सगळे नियम बदलतात

माझा मावसभाऊ फोटो-व्हिडिओचं काम करतो. लग्नं, नामकरण, रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेचं शूटिंग. त्याचं मशीन म्हणजे चौथ्या पिढीचा आय५, एच८१ बोर्ड, जीटीएक्स ७५० टीआय आणि तोच ६०० व्हीएचा यूपीएस. फुल एचडीचं काम यावर वर्षानुवर्षं निघालं. मग त्याने फोरके कॅमेरा घेतला आणि टाइमलाइन अडकायला लागली. लग्नसराई तोंडावर, तीन पार्ट्यांचा ॲडव्हान्स घेतलेला. कुणीतरी त्याला वापरलेलं १०८० टीआय सुचवलं. दादाचा मला फोन: "एवढे पैसे कायले घालू मी, काही फरक पडन का तरी?"

त्याच्या प्रश्नाचं उत्तर गेमच्या बेंचमार्कमध्ये नाही. व्हिडिओ एडिटिंगमध्ये कार्डाचे तीन वेगळे भाग काम करतात. कोअर हे कलर ग्रेडिंग, इफेक्ट, नॉइज कमी करणं यासाठी. कॅमेऱ्याची फाइल उलगडायला डिकोडर. शेवटी एक्सपोर्ट करायला एन्कोडर. डिकोडर आणि एन्कोडर हे चिपमधले स्वतंत्र तुकडे आहेत, कोअर किती यावर ते अवलंबून नाहीत, पिढीवर आहेत. म्हणूनच १६६० आणि २०८० टीआय यांचा एन्कोडर एकाच पिढीचा आहे, किमतीत कितीही फरक असला तरी. आणि मूळ १६५० मध्ये नाव नवं असूनही एन्कोडर आधीच्या पिढीचा.

दादाची टाइमलाइन अडकत होती ती डिकोडिंगमुळे. त्याचा कॅमेरा एच.२६५, दहा बिट, ४:२:२ मध्ये रेकॉर्ड करतो. ४:२:२ म्हणजे रंगाची माहिती नेहमीच्या ४:२:० पेक्षा दुप्पट ठेवली जाते. हळदीच्या पिवळ्या रंगाला आणि शालूच्या जरीला त्याचा फायदा होतो. पण एनव्हिडियाच्या कार्डांना ही फाइल हार्डवेअरमध्ये उलगडता येते ती थेट २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेपासून. त्याआधीचं कोणतंही एनव्हिडिया कार्ड, मग ते १०८० टीआय असो की लाखाच्या वरचं ४०९०, ते काम प्रोसेसरवर ढकलतं. आणि चौथ्या पिढीचा आय५ तिथे दम तोडतो. उलट इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधल्या साध्या, अंगभूत ग्राफिक्सला हे आरामात जमतं. त्याला क्विक सिंक म्हणतात. आपल्याकडच्या मिक्सिंगवाल्यांचं आवडतं एडियससुद्धा, निदान जुन्या आवृत्त्यांत, एच.२६४ साठी मोठ्या कार्डापेक्षा याच क्विक सिंकवर विसंबून असतं.

म्हणून मी त्याला सांगितलं की कार्ड घेऊच नको. बारावी पिढीचा आय५, नवा बोर्ड, सोळा जीबी रॅम आणि एक चांगला एसएमपीएस घे. फक्त प्रोसेसर अंगभूत ग्राफिक्सवालाच घे, नावाच्या शेवटी 'एफ' असलेला नको, कारण एफवाल्यात क्विक सिंक नसतं. दुकानदार शंभरातले नव्वद वेळा एफवालाच पुढे करतो, तो थोडा स्वस्त पडतो म्हणून. ७५० टीआय तसंच पडून राहू दे. अमरावतीहून सामान आणलं, मार्चमध्ये जोडलं, आणि टाइमलाइन सरळ चालायला लागली. रंगाचं जड काम अजून सावकाश होतं, त्यासाठी कार्ड पुढच्या सीझनला. पण पार्ट्यांच्या तारखा पाळल्या गेल्या.

ज्यांचा कॅमेरा ४:२:० देतो आणि ज्यांचं काम दाविंचीमध्ये ग्रेडिंगचं आहे, त्यांना मात्र चांगलं कार्ड सरळ उपयोगी पडतं. तिथे कोअर आणि मेमरी दोन्ही लागतात, आठ जीबीच्या खाली जाऊ नका.

कंपनीचे आलेख

जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाने जाहीर केलं की ५४९ डॉलरचं आरटीएक्स ५०७० हे ४०९० ची कामगिरी देतं. ४०९० ची सुरुवातीची किंमत १५९९ डॉलर. हा दावा उभा होता फ्रेम जनरेशनवर. त्यात कार्ड एक खरी फ्रेम काढतं आणि मधल्या फ्रेम एआयने अंदाजाने भरतं. डोळ्याला हालचाल गुळगुळीत दिसते, यात खोटं काही नाही. पण तुमचा माउस आणि पडद्यावरची प्रतिक्रिया यातला वेळ खऱ्या फ्रेमवरच ठरतो, तो कमी होत नाही. उलट किंचित वाढतो. खऱ्या तीस फ्रेमवर चालणारा गेम एकशे वीस दाखवला तरी हाताला तीसच लागतो.

डीएलएसएस अपस्केलिंग ही वेगळी गोष्ट आहे आणि ती खरोखर कामाची. कमी रिझोल्यूशनला चित्र काढून ते मोठं करायचं. ती आरटीएक्स कार्डांवरच चालते. एएमडीचं एफएसआर जून २०२१ मध्ये आलं, ते जुन्या जीटीएक्स कार्डांवरही चालतं आणि त्याने १०६० सारख्या कार्डांचं आयुष्य बरंच वाढवलं. तुलना करताना मात्र दोन्ही कार्डांवर हे सगळं बंद करून आधी मोजायचं.

वेग असूनही बाद

काही जुनी कार्डं ताकद असून मागे पडतात, कारण नव्या गेमला लागणारी सोय त्यांच्यात नाही. डिसेंबर २०२४ चा इंडियाना जोन्स आणि मे २०२५ चा डूम: द डार्क एजेस हे दोन्ही रे ट्रेसिंगचं हार्डवेअर मागतात. १०८० टीआय तिथे चालतच नाही, तिच्या बरोबरीचं ३०६० चालतं. ॲलन वेक २ ने २०२३ मध्ये मेश शेडर वापरले, ते दहाव्या मालिकेत नाहीत. त्यामुळे सुरुवातीला तो गेम त्या कार्डांवर अगदी रडतखडत चालायचा. पुढे मार्च २०२४ च्या अपडेटने थोडं सुधारलं.

ड्रायव्हरचं तर कॅलेंडरच आहे. ७५० टीआय, ९०० मालिका आणि १० मालिका यांच्यासाठी नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये संपले. सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळतील. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या कुडा १३ ने या पिढ्यांचा आधार काढून घेतला, तेव्हा एआय शिकायला आज १०८० टीआय घेणं मी कुणालाच सुचवणार नाही. १६ मालिका आणि २० मालिका अजून यादीत आहेत. वापरलेलं घ्यायचंच असेल तर माझी रेषा तिथे आहे: १६६० सुपर किंवा २०६० आणि त्यापुढचं.

उलटही होतं बरं का. ५० मालिका आली तेव्हा तिच्यात ३२ बिट फिजएक्सचा आधार नव्हता, त्यामुळे दहा-बारा वर्षं जुने काही गेम हजारो रुपयांच्या नव्या कार्डावर जुन्यापेक्षा सावकाश चालले.

ज्यांना फक्त व्हॅलोरंट, जीटीए व्ही आणि काउंटर-स्ट्राइक खेळायचं आहे त्यांनी या भागाची काळजी करू नये. तिथे १०६० अजून मस्त चालतं.

स्वतः मोजायचं कसं

सरासरी एफपीएस एकटा बघू नका. साठ एफपीएस म्हणजे एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदात, तीस म्हणजे ३३.३ मध्ये. सरासरी साठ असून मधे मधे शंभर मिलिसेकंदाची फ्रेम येत असेल तर खेळताना तीच खुपते. म्हणून 'एक टक्का लो' हा आकडा बघा, म्हणजे सगळ्यात सावकाश एक टक्का फ्रेमचा वेग. कॅपफ्रेमएक्स हे मोफत सॉफ्टवेअर तो दाखवतं. गेममधली एकच जागा, तेच सेटिंग, तीन वेळा मोजायचं, आणि पहिली फेरी सोडून द्यायची कारण तेव्हा कार्ड थंड असतं.

मग एक साधी परीक्षा. गेमचं रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. एफपीएस वाढला तर कार्ड कमी पडत होतं. तेवढाच राहिला तर प्रोसेसर कमी पडतोय आणि नवं कार्ड घेऊन काहीही होणार नाही. ही परीक्षा पाच मिनिटांची आहे आणि फुकट आहे. मला फोटो पाठवायच्या आधी ती करून बघा.

वापरलेलं कार्ड घेताना

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि मायनिंगची कार्डं बाजारात आली. त्यातली बरीच अजून हातोहात फिरतायत. मायनिंगचं कार्ड म्हणजे लगेच बाद असं नाही, स्थिर तापमानावर चाललेली चिप टिकते. झिजतात ते पंखे आणि सुकतात ते मेमरीवरचे थर्मल पॅड. पी१०६ नावाचं कार्ड मात्र टाळा, ते मायनिंगसाठीच बनवलेलं होतं, त्याला मॉनिटर लावायला जागाच नाही.

खोट्या कार्डांचा प्रकार जास्त वाईट. २०१० च्या आसपासच्या जीटीएस ४५० सारख्या चिपमध्ये बायोस बदलून ते '१०५० टीआय' म्हणून विकतात. विंडोजमध्ये नावही तेच दिसतं. जीपीयू-झेड हे छोटं मोफत सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घेऊन जा, खोटं कार्ड असेल तर ते नावाच्या आधी तसं लिहून दाखवतं. त्यात कोअर, मेमरीचा प्रकार आणि बस वरच्या तक्त्याशी ताडून बघा.

लॅमिंग्टन रोड असो की नागपूरची सीताबर्डी, विकणाऱ्याच्या मशीनवर निदान वीस मिनिटं सुपरपोझिशन हा मोफत बेंचमार्क चालवायला सांगा. पंख्याचा आवाज ऐका, पडद्यावर रंगीत ठिपके येतात का बघा, शेवटची पाच मिनिटं तापमान कुठे थांबतं ते लिहून घ्या. ते एसीच्या दुकानातलं तापमान आहे, घरचं धरायला त्यात पंधरा मिळवा. 'आत्ता लाईट नाही, घरी नेऊन बघा' असं कुणी म्हणालं तर लाईट येईपर्यंत समोरच्या टपरीवर चहा घ्या. पैसे खिशातच राहू द्या.